पेटीतला प्राणवायू आणि पायावरची पट्टी

गेल्या काही वर्षांत एक प्रश्न माझ्या दवाखान्यात वारंवार विचारला जाऊ लागला आहे. घोट्याच्या वर महिनोन्‌महिने न भरणारी जखम घेऊन एखादे आजोबा किंवा आजी येतात, सोबत मुलगा, सून किंवा नातू असतो, आणि जखमेवरचे फडके सोडण्याच्या आतच विचारणा होते, "बाई, ऑक्सिजनच्या मशीनमधी टाकलं तं हे भरंल का जी?"

हा प्रश्न कुठून येतो, ते मी जाणते. २०२१ च्या फेब्रुवारीत, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडी, राज्यात ज्या भागांत सर्वांत आधी पुन्हा टाळेबंदी लागली त्यांत आपली अमरावती होती. पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकेका सिलिंडरसाठी माणसे रात्र-रात्र वणवण फिरली. ज्या वायूमुळे घरचे माणूस वाचले, किंवा ज्याच्या अभावी ते गेले, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसावा यात नवल नाही. त्यात मोठ्या शहरांतील ऑक्सिजन उपचार केंद्रांच्या जाहिराती आता प्रत्येकाच्या मोबाइलवर येतात आणि 'न भरणारी जखम' या दोन-तीन शब्दांत सगळ्याच जखमा एका पंक्तीला बसवल्या जातात.

मी बडनेऱ्यात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करते. शल्यविशारद नाही, पण अशा जखमा सर्वप्रथम माझ्यासारखीकडेच येतात आणि गावोगाव फिरून शेवटी परतही माझ्यासारखीकडेच येतात. आमचे गाव उभ्याने आयुष्य काढलेल्यांचे आहे. जंक्शनावर ओझी वाहिलेले हमाल, रेल्वेतून निवृत्त झालेले कामगार, जिनिंगमध्ये हंगामभर उभे राहिलेले मजूर, हॉटेलांतले आचारी, शाळेत तीस-तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले गुरुजी, आणि पहाटेपासून ओट्यापाशी उभ्या असलेल्या बायका. पाय अनेक वर्षे निमूटपणे साथ देतात आणि साठीनंतर तक्रार करू लागतात. त्या तक्रारीवर खरा उपाय कोणता, ऑक्सिजनचा उपयोग किती, आणि साध्या दिसणाऱ्या पट्टीचे सामर्थ्य कशात आहे, हे आपणांस समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

जखम दिसते कातडीवर, मूळ असते शिरांत

हृदयाकडून पायाकडे जाणारे रक्त उतारावरून जाते; त्याला परत वर चढवणे हे खरे कष्टाचे काम. ते काम पोटरीचे स्नायू करतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळली जाते आणि शिरांतील रक्त वर ढकलले जाते. पोटरी सैल पडली की ते खाली घसरू नये म्हणून शिरांत जागोजागी नाजूक झडपा असतात. शेतकरी वाचकांना हे लगेच कळेल. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह खराब झाला की मोटर कितीही चांगली असली तरी चढलेले पाणी पुन्हा विहिरीत उतरते. पायाच्या शिरांतही तेच होते. वय, आनुवंशिकता, बाळंतपणे, स्थूलपणा, दीर्घकाळ उभे राहणे, किंवा पूर्वी कधी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणे, यांमुळे झडपा निकामी होतात.

निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी शिरांतील दाब सुमारे ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. निरोगी माणूस चालू लागला की तो झपाट्याने उतरून ३० च्या खाली जातो. झडपा खराब असलेल्या माणसाचा दाब चालतानाही पुरेसा उतरत नाही. म्हणजे त्याचा घोटा दिवसभर पाण्याच्या भरलेल्या टाकीच्या बुडाशी असल्यासारखा असतो. शिरांतून पाणी झिरपते आणि संध्याकाळी पाय सुजतो. लाल रक्तपेशीही बाहेर पडतात. त्यांतील लोहाने कातडी तपकिरी, काळपट होते. मग ती खाजते, कडक होते, पातळ पडते. आणि एक दिवस पलंगाची कड लागते, डास चावतो किंवा नखाने खाजवले जाते, आणि तिथे जखम होते. ती बहुधा घोट्याच्या आतल्या अंगाला, किंचित वर असते. उथळ, ओली, वेड्यावाकड्या कडांची. पाय वर घेऊन पडले की बरे वाटते, लोंबकळत ठेवला की ठणकते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पायावरची प्रत्येक जखम ही शिरांची नसते. बिडी किंवा खर्ऱ्याच्या व्यसनाने रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्ताच्या नळ्या, बंद होत आल्या असतील तर जखम बोटांवर किंवा टाचेवर होते, पाय गार पडतो आणि रात्री पाय वर घेतला की वेदना वाढतात. मधुमेहात आणि कुष्ठरोगात संवेदना गेल्याने तळव्याला न दुखणारी जखम होते. विदर्भात सिकलसेल हा आजार बराच आढळतो. त्यातही घोट्याभोवती चिवट जखमा होऊ शकतात. म्हणून 'शेजारच्या काकूंना ज्याने बरे वाटले ते मलाही द्या' असे जखमेच्या बाबतीत म्हणता येत नाही. आधी निदान, मग उपचार.

ऑक्सिजन कुठे कामाचा, कुठे नाही

पेटीतला ऑक्सिजन म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. रुग्णाला एका बंद, भक्कम कक्षात बसवतात किंवा झोपवतात. आतील दाब वातावरणाच्या दोन ते अडीचपट केला जातो आणि रुग्ण शुद्ध ऑक्सिजन श्वासातून घेतो. साधारण दीड तासाचे एक सत्र, अशी २० ते ४० सत्रे. एरवी ऑक्सिजन हा तांबड्या पेशींवर स्वार होऊन जातो. वाढत्या दाबाखाली तो रक्ताच्या पातळ द्रवातही विरघळतो आणि जिथे पेशी पोहोचत नाहीत तिथेही पोहोचतो. हे शास्त्र खरे आहे आणि काही आजारांत ते प्राण वाचवते. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात, त्यावर हाच उपचार आहे. म्हणूनच जगभर नौदलांनी या विद्येची जोपासना केली. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, वायुकोथ म्हणजे गॅस गँग्रीन, कर्करोगावरील किरणोपचारांनी करपलेल्या ऊती, आणि मधुमेहाच्या हाडापर्यंत गेलेल्या काही निवडक जखमा, यांत त्याला मान्यता आहे.

नीलांच्या, म्हणजे अशुद्ध रक्ताच्या शिरांच्या व्रणाचे काय? याविषयी सर्वाधिक उल्लेख होतो तो स्वीडनमधील हॅमरलुंड आणि सुंडबर्ग यांच्या १९९४ च्या चाचणीचा. तीत रुग्ण होते अवघे १६. निम्म्यांना दाबाखाली ऑक्सिजन, निम्म्यांना दाबाखाली साधी हवा, अशी ३० सत्रे दिली. सहा आठवड्यांनी ऑक्सिजन घेतलेल्यांच्या जखमांचे क्षेत्रफळ सरासरी ३६ टक्क्यांच्या आसपास कमी झाले होते. इतरांचे जेमतेम ३ टक्के. फरक डोळ्यांत भरणारा आहे, हे मी नाकारत नाही. परंतु जखम आकसणे वेगळे आणि ती पूर्ण भरून, भरलेली राहणे वेगळे. पूर्ण भरलेल्या जखमांची संख्या ऑक्सिजनने वाढते, हे त्या चाचणीतून सिद्ध झाले नाही. नंतरच्या काळातही लहान-लहान चाचण्या झाल्या आणि त्यांतून काही आशा दिसली. तरी नीलांच्या व्रणाचा मुख्य उपचार म्हणून ऑक्सिजनला आजही स्थान मिळालेले नाही. बाकी सारे नीट करूनही जी जखम हटत नाही, तिच्यासाठी पट्टीच्या जोडीने विचारात घेण्याचा तो एक पूरक उपाय आहे.

कारण उघड आहे. घोट्यापाशी ऑक्सिजन कमी पडतो, हे खरे. पण तो हवेत कमी आहे म्हणून नव्हे. साचलेल्या रक्ताने आणि सुजेने ती जागा दलदल झाली आहे. दीड तास पेटीत बसून रुग्ण बाहेर आला, पाय खाली सोडून तीन तास बसने घरी आला, की दलदल जशीच्या तशी.

एका कुटुंबाची हकिगत सांगते. आजोबांच्या जखमेसाठी मुलांनी कर्ज काढून मोठ्या शहरातील एका केंद्रात सत्रे करवली. रोजचे शुल्क काही हजारांत, शिवाय राहण्या-जेवण्याचा खर्च. जखम खरोखरच लहान झाली. घरी परतल्यावर दोन-अडीच महिन्यांत ती पूर्वीएवढी झाली. पायाला दाबपट्टी बांधायची असते, हे त्यांना तिथे कोणी सांगितलेच नव्हते. कर्जाचे हप्ते चालू होते आणि जखमही चालू होती. आजोबांना जखमेपेक्षा त्या हप्त्यांची वेदना अधिक होती. आपल्या पायापायी नातवाच्या शिक्षणाचे पैसे गेले, असे ते पुनःपुन्हा म्हणत. मला या लेखाची निकड वाटली ती अशा रुग्णांमुळे.

एक खुलासा आवश्यक आहे. करोनाकाळात घेतलेले ऑक्सिजन काँसंट्रेटर अनेक घरांत पडून आहे. त्याची नळी नाकाला लावून, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत पाय घालून तीत ऑक्सिजन सोडून जखम भरत नाही. दाबाच्या कक्षातील उपचार ही निराळी गोष्ट आहे, आणि तो पूर्णतः निर्धोकही नाही. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, काही काळ नजर बदलते, मधुमेह्यांची साखर उतरू शकते, फुप्फुसाच्या काही आजारांत तो देताच येत नाही; आणि शुद्ध ऑक्सिजनभोवती आगीचे भय असतेच.

पट्टीचे सामर्थ्य

आता पट्टीकडे वळू. आपल्याकडे पट्टीची विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी बांधण्याचे १४ प्रकार सांगितले आहेत आणि शरीराच्या कोणत्या भागावर ती गाढ, कुठे सम आणि कुठे शिथिल असावी, याचाही विचार आहे. पट्टी किती घट्ट असावी, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यांनाही महत्त्वाचा वाटला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी जस्ताच्या मलमात भिजवलेली पट्टी प्रचारात आणली. ती आजही वापरली जाते. पुढे लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातील डॉक्टरांनी चार थरांची पट्टी तयार केली. सर्वांत आत कापसाचा मऊ थर, त्यावर क्रेप, त्यावर लवचिक पट्टी आणि शेवटी स्वतःलाच चिकटून राहणारी पट्टी. हेतू एकच, घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर पारा इतका दाब आठवडाभर टिकावा. १९८८ साली त्यांनी १४८ व्रणांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील ७४ टक्के व्रण १२ आठवड्यांत भरले होते. त्यांतले बरेच व्रण पूर्वीच्या उपचारांना दाद न देणारे होते.

त्यानंतर अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यांनी हेच दाखवले आहे, की दाबपट्टी बांधलेल्यांचे व्रण न बांधलेल्यांपेक्षा लवकर आणि अधिक संख्येने भरतात. पट्टी बाहेरून आधार देते, फुगलेल्या शिरा मिटतात, झडपांची तोंडे जवळ येतात, पोटरी आवळली की तिचा जोर पट्टीवर आपटून आत परततो आणि रक्त वर जाते. गळका फूटव्हॉल्व्ह बदलला नाही, तरी पाणी पुरेसे चढू लागते. सूज उतरली की रक्तातला ऑक्सिजन जखमेपर्यंत आपोआप पोहोचतो.

पण एक तपासणी केल्याशिवाय घट्ट पट्टी कदापि बांधू नये. पायातील रोहिण्या मोकळ्या आहेत ना, हे आधी पाहावे लागते. पायाच्या नाड्या हाताने तपासतात आणि घोट्याचा व दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर पूर्ण दाबाची पट्टी धोक्याची ठरू शकते. अशा पायावर घट्ट पट्टीने बोटे काळी पडल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत. दीर्घकाळच्या मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येतो, तेव्हा अधिक तपासण्या लागतात. हृदय अशक्त असेल तरही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पट्टी नको.

तपासणी झाल्यावर, आणि एकदा डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून बांधून दाखवून घेतल्यावर, घरी पुढील गोष्टी सांभाळाव्यात. पट्टी पहाटे, बिछान्यातून पाय खाली टेकवण्याआधी बांधावी, कारण तेव्हा सूज सर्वांत कमी असते. पाऊल पोटरीशी काटकोनात ठेवावे. बोटांच्या मुळापासून सुरुवात करावी, टाच झाकावी आणि गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर थांबावे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकील असा असावा आणि ताण सर्वत्र सारखा ठेवावा. घोटा बारीक आणि पोटरी जाड असल्याने सारख्या ताणातही घोट्यावर दाब आपोआप अधिक पडतो. म्हणून वर अधिक आवळण्याची गरज नसते. उलट पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर सैल पट्टी म्हणजे दोर बांधून पाणी अडवण्यासारखे आहे. बांधल्यावर बोटे निळी, गार किंवा बधिर झाली, असह्य कळ आली, तर कोणाचीही वाट न पाहता पट्टी सोडावी. क्रेपची पट्टी काही धुण्यांनंतर ताण हरवते. नुसती गुंडाळलेली मऊ पट्टी म्हणजे दाबपट्टी नव्हे.

पट्टीखाली, जखमेवर, काय लावावे? हा प्रश्न लोक फार मोलाचा मानतात, पण त्याचे उत्तर साधे आहे. उकळून गार केलेल्या किंवा स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवावे आणि न चिकटणारी साधी जाळी ठेवावी. हळद, चुना, बिडीची राख, मंजन, पावडर, फेस येणारी औषधे यांतले काहीही नको. भोवतालच्या कोरड्या कातडीला खोबरेल तेल किंवा साधे पेट्रोलियम जेली लावावी. वास येतो म्हणजे प्रत्येक वेळी जंतुसंसर्ग झालाच असे नाही. लाली पसरणे, ताप, वाढती वेदना, पू, ही लक्षणे असतील तेव्हाच अँटिबायोटिक लागते. महिनोन्‌महिने गोळ्या खाऊन शिरांतला दाब कमी होत नाही.

आणि चालावे. पट्टी बांधून चालणे हेच औषध आहे. चालता येत नसेल त्यांनी बसल्या जागी घोटा वर-खाली हलवावा, तासाला दहा-पंधरा वेळा. विश्रांतीच्या वेळी पाय हृदयापेक्षा उंच राहील असे निजावे. खुर्चीसमोर स्टुलावर पाय ठेवणे तेवढे पुरेसे नसते.

शीर दुरुस्त करणे

पट्टी जखम भरते, पण बिघडलेली झडप तशीच राहते. म्हणून कलर डॉप्लर तपासणी करून कोणती शीर गळते आहे, हे एकदा पाहून घ्यावे. २०१८ साली इंग्लंडमधील ४५० रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांनाच दाबपट्टी होती. निम्म्यांची खराब शीर लवकर, उष्णतेने किंवा औषधाने, आतून बंद केली आणि उरलेल्यांची नंतर. लवकर केलेल्यांत व्रण भरण्याचा मध्यम कालावधी ५६ दिवस होता, तर इतरांत ८२ दिवस. त्याआधी २००४ च्या एका चाचणीत असेही दिसले होते, की पट्टीसोबत शिरेची शस्त्रक्रिया केलेल्यांत वर्षभरात १२ टक्के जखमा परतल्या, तर नुसत्या पट्टीवर २८ टक्के. ज्या कुटुंबाची मोठ्या शहरात जाऊन खर्च करण्याची तयारी आहे, त्याने तो खर्च आधी या तपासणीवर करावा. अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ज्याला आपण अजूनही इर्विन म्हणतो, किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये शल्यविभागाचा सल्ला घ्यावा. शासकीय योजनेत उपचार बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

पट्टी नकोशी का वाटते?

इतकी गुणी पट्टी लोकांना नको का असते, यावर मी बराच विचार केला आहे. एक कारण आपले ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पायावर थर गुंडाळणे ही शिक्षाच वाटते. त्यावर तोड आहे. त्या दिवसांत कमी थरांची पट्टी, कूलरसमोर बसणे, चालणे पहाटे आणि सूर्यास्तानंतर. दुसरे कारण स्वस्तपणाचे. "एवढ्याशा पट्टीनं काय होते जी?" असे ऐकले नाही असा आठवडा जात नाही. महाग ते गुणकारी, असा आपला समज असतो.

पण खरे कारण वेगळे आहे, असे मला वाटू लागले आहे. पट्टीला कोणाचे तरी हात लागतात. ज्याची कंबर वाकत नाही, त्या वृद्धाला स्वतःच्या घोट्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणजे कोणीतरी रोज पहाटे त्याच्या पायाशी बसले पाहिजे, वास सोसला पाहिजे, जखम धुतली पाहिजे. सून आधीच सगळ्या घराला पुरी पडते. मुलाला कामावर जायचे असते. पेटीचे तसे नसते. पैसे भरले की ते काम परक्यांकडे जाते आणि 'आम्ही काही कमी केले नाही' असे समाधानही मिळते. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. थकलेल्या माणसाला यंत्राचा आधार वाटावा, हे स्वाभाविक आहे.

दुसऱ्या बाजूने वृद्धांनाही संकोच असतो. लुगड्याच्या काठाखाली वर्षानुवर्षे जखम लपवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बाईमाणूस डॉक्टर म्हणून त्या माझ्यासमोर पाय उघडा करतात, आणि आधी माफी मागतात, "वास येईन बाई." एक आजी होत्या, त्या भजनाला जाईनाशा झाल्या, हळदीकुंकवाला जाईनाशा झाल्या, मग घरातही वेगळ्या ताटात, वेगळ्या कोपऱ्यात जेवू लागल्या. घरच्यांनी तसे सांगितले नव्हते; त्यांनीच ठरवले होते. त्यांच्या शाळकरी नातवाने माझ्याकडे येऊन पट्टी बांधायला शिकून घेतले. पहिल्या आठवड्यात त्याची पट्टी रोज सुटे. तिसऱ्या आठवड्यापासून सूज दिसेनाशी झाली. जखम भरायला पाच महिने लागले. पण दुसऱ्याच महिन्यात, जखम उघडी असतानाच, आजी पुन्हा सगळ्यांसोबत जेवायला बसल्या होत्या. गळणे थांबले होते, वास थांबला होता, आणि कोणीतरी रोज आपल्या पायाला हात लावतो आहे, ही गोष्ट त्यांच्या मनावर औषधासारखी लागू पडली होती.

दुसऱ्याच्या जखमेला हात लावण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला परकी नाही. ज्या काळी कुष्ठरुग्णाची सावलीही लोकांना नको होती, त्या काळी डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीला तपोवन उभे केले. तिथे परक्यांच्या जखमा धुतल्या गेल्या. आपल्या घरातल्या आईवडिलांच्या बाबतीत तर तेवढ्या धैर्याचीही गरज नाही. नीलांचा व्रण कोणालाही लागत नाही. घरात कामाची वाटणी करावी. सारा भार एकट्या सुनेवर न टाकता मुलाने, नातवाने, जावयाने पट्टी शिकावी. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येऊन बांधून घेणे शक्य असेल तर तसे करावे. चार थरांची पट्टी तर आठवडाभर टिकते.

केव्हा थांबू नये

घरच्या पट्टीवर विसंबून राहू नये, अशाही वेळा असतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर पेनाने जखमेची कड आखून, त्यावर तारीख लिहून ठेवावी. चार आठवड्यांच्या नीट पट्टीनंतरही आकार घटत नसेल तर तज्ज्ञाकडे जावे. तीन महिने न भरलेल्या, किंवा कडा उंचावून कोबीसारख्या वाढलेल्या जखमेचा तुकडा तपासून घ्यावा. जुन्या व्रणात क्वचित कर्करोग होतो. एकाएकी एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर शिरेत गुठळीची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर घाबरून उभे राहू नये; आडवे पडावे, पाय उंच करावा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागी घट्ट दाबून धरावे. रक्त बहुधा थांबते. मग दवाखान्यात जावे.

आणि इतके सारे करूनही जखम हटत नसेल, कोणी ऑक्सिजनच्या पेटीचा सल्ला देत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही जखम नक्की शिरांचीच आहे का, हे कोणत्या तपासणीवरून ठरले? पायाचा दाब मोजून योग्य पट्टी किमान तीन महिने बांधली गेली का? खराब शीर बंद करण्याचा विचार झाला का? आणि सत्रांच्या काळात व त्यानंतर दाबपट्टी चालू राहणार का? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर तो उपाय अवश्य करून पाहावा. माझा त्याला विरोध नाही. एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर आधी ते काम पुरे करावे.

शेवटची गोष्ट भरलेल्या जखमेविषयी. कातडी आली की लोक पट्टी काढून टाकतात, आणि वर्षाच्या आत पुन्हा येतात. भरलेल्या पायाला रोज, आयुष्यभर, मापाचा दाबमोजा हवा. तो उठल्यावर चढवावा, निजताना काढावा, साधारण सहा महिन्यांनी बदलावा. वाकून चढवता येत नसेल तर घरच्यांनी चढवून द्यावा. आपल्या घरी अशी जखम कोणाला असेल, तर उद्या सकाळी त्यांच्या पायावरचे फडके स्वतः सोडून पाहा, प्लॅस्टिकवर कड आखा, आणि तो तुकडा घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.